आत्याच्या बंदिशी, पंधरा हजार रुपये आणि प्रीअँप: कुठला घेऊ?

जिरावण | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

माझी आत्या ७४ वर्षांची. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या केल्या. तिच्याकडे बंदिशींच्या दोन वह्या आहेत. एकीची पानं हात लावला की तुटतात, आणि स्वरलिपी निम्म्याच बंदिशींची लिहिलेली आहे. उरलेल्या तिच्या गळ्यात. दिवाळीच्या आत सगळ्या रेकॉर्ड करायच्या असं मी ठरवलं आणि तिने (तीन महिन्यांनी) होकार दिला.

सामान असं: गणपतीत वापरायचा शुअर एसएम५८, सेकंडहँड घेतलेला दोन इनपुटचा जुना यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा (कंपनीचं नाव नको, बिचाऱ्याने आठ वर्षं सेवा केलीय), लॅपटॉप, आणि दोन तानपुरे, त्यातला एकच जिवंत.

अडचण अशी की आत्या गाते फार हळू. अमीर खाँसाहेबांच्या वळणाची गायकी, अतिविलंबित, सगळा जीव मंद्रात. माइक तोंडाशी नको म्हणते, "तोंडापुढे लाटणं धरल्यासारखं वाटतं." म्हणून तो दीड फुटावर. गेनचं (माइकचा आवाज उचलायचं) बटण शेवटपर्यंत पिळलं तरी पडद्यावर मुंग्यांची रांग दिसते. मग सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवला की मागे सर्रर्र, कढईत तेल तापत ठेवल्यासारखं.

जेल रोडवर एका दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, प्रीअँप लगा लो, सब साफ हो जाएगा."

बजेट पंधरा हजार, फार तर सतरा. कुठला प्रीअँप घेऊ?

छप्पनभोगी | शनिवार, रात्री ११:५८

पहिला! आता वाचतो.

छप्पनभोगी | रविवार, रात्री १२:०४

वाचलं. मला प्रीअँपमधलं ओ की ठो कळत नाही, पण दुकानदार "सब साफ हो जाएगा" म्हणाला म्हणजे खिसा साफ होणार एवढं इंदूरकर म्हणून सांगतो भिया.

व्हॉल्व्हवेडा | रविवार, रात्री १२:४०

व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळीचा) घ्या, दुसरं काही बघू नका. आर्ट ट्यूब एमपी बजेटात आरामात बसतो, आत १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहे, आवाजाला जो गोडवा येतो तो चिपमधून येत नाही. मी बडोद्यात घरी दहा वर्षं वापरतोय. सतार त्यातून घेतली की तुपात तळल्यासारखी येते.

निखळ_नाद | रविवार, सकाळी ७:१५

जिरावण, थांबा, काही घेऊ नका अजून. प्रीअँप म्हणजे नेमकं काय घेताय ते आधी बघू.

माइकमधून निघणारा विद्युतदाब मिलिव्होल्टांत असतो. एसएम५८ ला एक पास्कल दाबाचा आवाज (९४ डेसिबल, म्हणजे चांगलंच मोठं गाणं) दिला तर तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. आत्या हळू गातात आणि दीड फुटावरून, तेव्हा त्याच्याही खूप खाली. हा जीव एवढासा दाब उचलून रेकॉर्डिंगच्या पातळीला आणायचं काम प्रीअँपचं. आणि तो तुमच्याकडे आहेच! त्या जुन्या डब्यात जिथे माइकची केबल खुपसता, तिथे आत प्रीअँपच आहे. दुकानदार तुम्हाला दुसरा विकतोय.

उचलताना प्रत्येक प्रीअँप स्वतःचा थोडा सरसराट मिसळतो. तो किती, हे इनपुटच्या हिशेबाने डीबीयू या मापात सांगतात (उणे आकडा जितका मोठा, तितका सरसराट कमी). १५० ओहमच्या नुसत्या रोधाचा स्वतःचा नॉइज सुमारे -१३१ असतो, त्याखाली कुणीच जाऊ शकत नाही. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू या इंटरफेसच्या थर्ड जनचा (तिसऱ्या पिढीचा) कंपनी -१२८ सांगते, मोटू एम२ चा -१२९. म्हणजे आजच्या मध्यम किमतीच्या डब्यांत आणि निसर्गाच्या हद्दीत दोन-तीन डेसिबलच उरलेत. लाखाचा प्रीअँप आणलात तरी सरसराट त्याहून फार कमी होणार नाही.

आता खोली. रात्रीची शांत खोली ३० डेसिबल धरा. त्या शांततेचे एसएम५८ मधून सुमारे -११६ डीबीयू निघतात. चांगल्या प्रीअँपच्या -१२८ पेक्षा हे १२ डेसिबल मोठं. म्हणून माझा अंदाज: तुमचा सर्रर्र हा प्रीअँपचा नाहीच, खोलीचा आहे. पैसे गोधड्या-गालिच्यांवर घाला.

अर्धवट_अंतरा | रविवार, सकाळी ७:५०

निखळ, एक खोच. कंपन्यांचे ते -१२८ ए-वेटेड (कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी धरून मोजलेले) असतात, तुमचे -१३१ सरळ मोजलेले. दोन वेगळ्या गजांनी कापड मोजून फरक सांगू नये.

निखळ_नाद | रविवार, सकाळी ८:०२

मान्य. ए-वेटिंगने दोनेक डेसिबल गोड दिसतं. मुद्दा तोच राहतो.

मोगरा | रविवार, सकाळी ९:३०

मीही बडोद्याचीच. जाहिरातींना आवाज देते, सगळं काम कपड्यांच्या कपाटात तोंड घालून. चेष्टा नाही, कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडायचे, मध्ये माइक, मागे लटकलेल्या साड्या आणि शाली, खांद्यावरून रजई. ग्राहकांना वाटतं मी स्टुडिओत आहे. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका, त्यांनी फक्त झुरळं येतात. आवाज शोषायला जाडी आणि वजन लागतं, आकार नाही.

निखळ म्हणतात ते पटतं. पण माझ्याकडे कंडेन्सर (जास्त नाजूक कानाचा, वीज लागणारा माइक) आहे, ऑडिओ-टेक्निका एटी२०२०. जिरावण, तुम्ही माइकच का बदलत नाही?

निखळ_नाद | रविवार, सकाळी ९:४८

मोगरा, चांगला मुद्दा. एटी२०२० तेवढ्याच आवाजाला १४.१ मिलिव्होल्ट देतो, एसएम५८ च्या साडेसात पट. प्रीअँपला कमी राबावं लागतं. पण त्याचा स्वतःचा सरसराट २० डेसिबलच्या आवाजाएवढा असतो. हिशेब केला तर माइकचा हा सरसराट चांगल्या प्रीअँपच्या सरसराटापेक्षा जवळजवळ वीस डेसिबल वर! म्हणजे एटी२०२० ला कितीही भारी प्रीअँप लावा, काडीचा फरक ऐकू येणार नाही. रोड एनटी१-ए चा स्वतःचा सरसराट ५ डेसिबल, तिथेही माइकच वर. कंडेन्सरवाल्यांनी सरसराटासाठी प्रीअँप शोधणं म्हणजे गळक्या बादलीला चांदीचा नळ.

आणि कंडेन्सर खोलीतलं सगळं ऐकतो म्हणतात ते अर्धसत्य आहे. तो जास्त मोठ्याने सांगतो, इतकंच. उंच स्वरांतली बारीक कुजबुज मात्र एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकपेक्षा नीट पकडतो, त्यामुळे पंख्याची सळसळ उठून दिसते.

वाचनमात्र | रविवार, सकाळी १०:१०

+१ गळकी बादली

व्हॉल्व्हवेडा | रविवार, सकाळी १०:३५

आकडेबाज मंडळी आली की धाग्यातला रस जातो. कानाने ऐका हो कधीतरी. आमच्या फैयाज खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐका, सरसराट किती आहे, आणि तरी अंगावर काटा येतो.

तुकडा_रेला | रविवार, सकाळी ११:०५

ग्वाल्हेरहून रामराम. तबला वाजवतो, घरी शिष्यांचं रेकॉर्डिंग करतो.

फैयाज खाँसाहेबांना प्रीअँप लागलाच नसता भाऊ, तो आवाज दरबार भरून टाकणारा. आमचं ग्वाल्हेरही तसंच, खुला आवाज, आकार लावला की माइकने मागे सरकायचं. आमच्याकडे गेनचं बटण निम्म्याच्या पुढे कधी जात नाही, डग्ग्याची एक घुमक आली की लाल दिवा. अडचण तुम्हा इंदूरवाल्यांची. मंद्रात शिरता आणि बाहेरच येत नाही.

छप्पनभोगी | रविवार, सकाळी ११:११

घराण्यागणिक गेनचा तक्ता करा रे कुणीतरी. ग्वाल्हेर ३५ डेसिबल, इंदूर ६५.

तुकडा_रेला | रविवार, सकाळी ११:१४

आणि किराणा? तानपुरा लागेपर्यंत माइकची बॅटरी संपते.

मोगरा | रविवार, सकाळी ११:२०

हसून हसून पुरेवाट. किराण्याचे लोक धाग्यावर यायच्या आत पळा.

सोल्डरकाका | रविवार, दुपारी १:४०

जेवून बसलोय, सावकाश लिहितो.

मी आकाशवाणीत, इथल्या मालवा हाऊसला, तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. आता सुदामा नगरात नातवंडांचे रेडिओ खोलून ठेवतो. बेटा जिरावण, इथे प्रत्येकाने आपापला अंदाज दिला. खोली म्हणाले, व्हॉल्व्ह म्हणाले, माइक बदला म्हणाले. मोजलं कुणी नाही. दोन रुपयांच्या रोधाने मोजता येतं, सांगतो.

एक एक्सएलआरचा (माइकच्या केबलला असतो तो) नर कनेक्टर घे. आत तीन पिना. दोन आणि तीनमध्ये १५० ओहमचा रोध डाग. एक नंबरला हात लावू नको, ती शील्डची. झाला तुझा बहिरा माइक. याला ऐकू काही येत नाही, पण प्रीअँपला वाटतं माइक लागलाय.

फँटम (डब्यातून माइकला वीज द्यायचं बटण) बंद. हा बहिरा माइक लाव, गेन शेवटपर्यंत, अर्धा मिनिट रेकॉर्ड कर, मीटरवरचा आकडा वहीत लिही. मग बटण न हलवता खरा माइक लाव. रात्री, पंखा बंद, कुणी बोलायचं नाही. पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा आकडा. दोन आकडे जवळजवळ सारखे आले तर दोष डब्याचा. दुसरा दहा-पंधरा डेसिबल वर गेला तर दोष खोलीचा, आणि मग कुठलाही प्रीअँप आणलास तरी रडशील.

डागताना बायकांनी... असो, डागताना कुणीही रोध चिमट्याने धरावा. माझा अंगठा अजून साक्ष आहे.

मोगरा | रविवार, दुपारी १:५५

काका, ते तीन टिंब वाचले बरं का आम्ही.

सोल्डरकाका | रविवार, दुपारी २:०१

म्हणून तर पुढचं खोडलं. सौ. मागे उभी होती.

जिरावण | रविवार, रात्री ९:२५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काका, बहिरा माइक करते. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्याच्याकडे डागणी आहे.

एक राहिलंच सांगायचं. सरसराटाखेरीज एक घूंऽऽ पण आहे, खर्जाच्या खाली कुठेतरी. आत्या म्हणते तानपुऱ्याच्या षड्जाशी भांडतो.

सोल्डरकाका | रविवार, रात्री ९:४०

लॅपटॉपचा चार्जर काढ, बॅटरीवर चालव. घूं गेला?

जिरावण | रविवार, रात्री ९:५२

गेला!!! काका तुम्ही जादूगार आहात का?

सोल्डरकाका | रविवार, रात्री १०:०५

जादू कसली. आपली वीज ५० हर्ट्झची. घूं आला तर ५०, खर्रर्र आला तर १०० आणि त्याचे पट. रामबागेतली जुनी घरं मी पाहिलीत, बोर्डावर तीन भोकं दिसतात, तिसऱ्याला मागे तारच नसते. लॅपटॉपच्या पत्र्यावरून उलटी बोटं हलकेच फिरव, चार्जर लावलेला असताना मुंग्या आल्या तर अर्थिंग नाही समज. इलेक्ट्रिशियन बोलाव आणि अर्थिंग करून घे, रेकॉर्डिंगसाठी नव्हे, जिवासाठी. काही हुशार मंडळी घूं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडतात. तसं कधी, कधी म्हणजे कधी करू नये.

व्हॉल्व्हवेडा | सोमवार, सकाळी ८:२०

अर्थिंगवर काकांशी सहमत. व्हॉल्व्हवर कुणी उत्तर दिलं नाही, याची नोंद घेतली आहे.

अर्धवट_अंतरा | सोमवार, सकाळी ८:४५

देतो. व्हॉल्व्हला पोटभर चालायला दीड-दोनशे व्होल्ट लागतात. स्वस्त व्हॉल्व्ह प्रीअँपांत तेवढे देत नाहीत, व्हॉल्व्ह अर्धपोटी ठेवतात. खरं उचलायचं काम चिपच करते आणि व्हॉल्व्ह थोडी विकृती मिसळतो. ती तुम्हाला गोड लागते, लागू दे, सतारीला शोभतही असेल. पण जिरावणताईंची तक्रार गोडव्याची नाही, सरसराटाची आहे. आणि बंदिशी जपून ठेवायच्या असतील तर मूळ रेकॉर्डिंग कोरं हवं. तूप नंतर घालता येतं, काढता येत नाही.

व्हॉल्व्हवेडा | सोमवार, सकाळी ९:१०

"काढता येत नाही" हे पटलं. बाकी मी सतारीपाशीच बरा. पण अर्धपोटी म्हणू नका हो, वाईट वाटतं.

तुकडा_रेला | सोमवार, दुपारी ३:३०

एक व्यवहाराचं. वेगळा प्रीअँप आणलात तर तो इंटरफेसला कसा जोडणार हे आधी बघा. मी सुरुवातीला प्रीअँपची केबल सरळ इंटरफेसच्या एक्सएलआरमध्ये खुपसली. म्हणजे एका प्रीअँपमधून निघून दुसऱ्या प्रीअँपमध्ये! दोघांचा सरसराट, वर आवाज फाटलेला. ती केबल मोठ्या जॅकने लाइन इनपुटला (आधीच उचललेला आवाज घ्यायच्या भोकाला) द्यायची असते, बटण लाइनवर ठेवून. आणि स्वस्त इंटरफेसांत पुष्कळदा लाइनचा रस्तासुद्धा आवाज आधी दाबून त्याच आतल्या प्रीअँपमधून जातो. म्हणजे ज्याला टाळायला पैसे घातले तो दारात उभाच.

निखळ_नाद | सोमवार, दुपारी ४:००

हे कुणीच सांगत नाही, बरं झालं लिहिलंत. डायनॅमिक माइकसाठी त्यापेक्षा माइक बूस्टर सोपा. क्लाउडलिफ्टर, फेटहेड, क्लार्क टेक्निकचा सीटी१ वगैरे. बोटाएवढी नळी किंवा छोटा डबा, माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा, इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटमवर चालतो आणि पंचवीसेक डेसिबल आधीच उचलून देतो. मग डब्याचं बटण पिळायची गरज नाही. पण तो फँटम पुढे माइकला सोडत नाही, म्हणून कंडेन्सरला उपयोग नाही. आणि इंटरफेस मुळात शांत असेल तर बूस्टर लावून फरक जवळजवळ शून्य.

छप्पनभोगी | सोमवार, दुपारी ४:२०

माझ्या मेव्हण्याकडे असा बूस्टर पडून आहे! पॉडकास्ट काढणार होता, दोन भागांत विषय संपले. जिरावणताई, हवा तर चार दिवस घेऊन जा. छप्पनवर (छप्पन दुकान, आपला खाऊबाजार) भेटू, शिकंजी तुमच्याकडून.

जिरावण | सोमवार, सायंकाळी ६:०५

नक्की! शिकंजी आणि वर खोबरा पॅटिस.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ७:००

खोबरा पॅटिस वाचून धागा भरकटला माझ्यापुरता.

जिरावण | बुधवार, रात्री २:४५

आत्ताच मोजून झोपायला चाललेय. सगळं गेन शेवटपर्यंत ठेवून:

बहिरा माइक: -५८
खरा माइक, रात्री दोन वाजता, पंखा बंद: -५६
खरा माइक, पंखा चालू: -४१
खरा माइक, काल सकाळी पावणेसात, कचरागाडी दाराशी, गाण्यासकट: लाल दिवा

काका, आता काय समजायचं?

छप्पनभोगी | बुधवार, सकाळी ७:१०

स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढलेल्या शहरात राहायचं म्हणजे ते गाणं रोज सकाळी रेकॉर्डिंगमध्ये येणारच. त्याला बहिरा माइकच बरा.

सोल्डरकाका | बुधवार, सकाळी ७:३०

शाब्बास. दोन गोष्टी निघाल्या. -५८ आणि -५६ मध्ये दोनच डेसिबल, म्हणजे शांत रात्री सरसराट मुख्यतः डब्याचा. निखळसाहेबांचा हिशेब बरोबर होता, पण चांगल्या डब्याचा होता. तुझा डबा म्हातारा. दुसरी गोष्ट: पंख्याने एका झटक्यात पंधरा डेसिबल वाढवले. पंखा चालू असताना डबा सोन्याचा केलास तरी ऐकू पंखाच येणार.

निखळ_नाद | बुधवार, सकाळी ८:१५

चुकलो. मोजल्याशिवाय बोललो. जाता जाता, तो दुकानदार निम्मा बरोबर निघाला की!

अर्धवट_अंतरा | बुधवार, सकाळी ८:२०

तोही मोजल्याशिवायच बोलला होता.

सोल्डरकाका | बुधवार, सकाळी १०:५०

अजून एक फुकटचा उपाय आहे, तो कुणी सांगितला नाही. अंतर.

आमच्याकडे मोठमोठे गवई बसायचे. माइक कुठे ठेवायचा याला पट्टी लागत नसे, एक वीत धरायची. हात पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, हनुवटी ते माइक. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल मिळतात. तुझा दीड फूट म्हणजे दोन विती. एका वितीवर आणलास तर सहा डेसिबल हातात, पैसा न देता.

लाटण्याचं म्हणशील तर, माइक समोर धरायचाच नाही. लांब दांडीचा बूम स्टँड घे. माइक छातीच्या उंचीला, थोडा उजवीकडे, तोंड वर हनुवटीकडे. डोळ्यांसमोर काही येत नाही, समोर बसलेली शिष्या दिसते. मग गवई विसरतो. फार जवळ गेलीस तर या जातीचे माइक खर्ज फुगवतात, तेव्हा वितीच्या आत येऊ नको.

मोगरा | बुधवार, सकाळी ११:१५

काका, ही वीत मी आजपासून वापरणार. माझी वीत लहान आहे, तेवढाच एक डेसिबल जास्त.

तुकडा_रेला | बुधवार, दुपारी १२:४०

पंख्याबद्दल: इंदूरला ऑक्टोबरात दुपारी पंखा बंद करून ७४ वर्षांच्या बाईंना गायला बसवू नका. पहाटे घ्या. पाच ते साडेसहा. हवा थंड, रस्ता झोपलेला, कचरागाडीच्या आत आटपायचं. आणि भैरव, ललत पहाटेच व्हायला हवेत नाहीतरी.

जिरावण | बुधवार, दुपारी १:०५

आणि मारवा?

तुकडा_रेला | बुधवार, दुपारी १:०९

मारव्याला बर्फाची लादी आणा.

जिरावण | शनिवार, सकाळी १०:२०

बूस्टर मिळाला (छप्पनभोगी, मेव्हण्यांना धन्यवाद सांगा, आणि त्यांनी तिसरा भाग काढावा). मांडवाल्याकडून बूम स्टँड दोन दिवस उसना आणला. काल आणि आज पहाटे आत्याला बसवून, पंखा बंद ठेवून, एकच ललतची बंदिश वेगवेगळी घेतली. गाणं आणि मागचा सरसराट यांतलं अंतर पहिल्यापेक्षा किती वाढलं ते लिहिते.

माइक दोन वितींवरून एका वितीवर: सहा डेसिबल. काका, अगदी सहा!
अंतर तेच ठेवून नुसता बूस्टर: चार.
दोन्ही मिळून: दहा.
बूस्टरसकट, पण पंखा चालू: बूस्टर असून नसल्यासारखा.

मला वाटलं होतं बूस्टर पंचवीस डेसिबल उचलतो म्हणजे सगळं पंचवीसने साफ होईल.

निखळ_नाद | शनिवार, सकाळी १०:५५

तो खोलीचा आवाजही पंचवीसने उचलतो ना. डब्याचा सरसराट मागे पडला की खाली खोली बसलेलीच आहे. चार मिळाले हे हिशेबात चोख बसतं.

वाचनमात्र | शनिवार, सकाळी ११:३०

मूळ प्रश्न: कुठला प्रीअँप घेऊ. उत्तर अजून नाही. आठवण करून दिली.

निखळ_नाद | शनिवार, दुपारी १२:१०

बरं, सरळ लिहितो. वेगळा प्रीअँप नको. पंधरा हजारांत तो घेतलात तरी तुमच्या डब्याच्या मागच्याच दारातून आत जाणार, तुकडा_रेला यांनी सांगितलं तसं. दोन रस्ते उरतात. बूस्टर विकत घेऊन जुना डबा चालवायचा, किंवा डबाच बदलायचा. डबा आठ वर्षांचा आहे, गेन फिरवताना खरखरतो का?

जिरावण | शनिवार, दुपारी १२:१८

खरखरतो. आणि कधीकधी डावी बाजू गायबच होते, थोपटलं की येते.

निखळ_नाद | शनिवार, दुपारी १२:२५

मग त्याच्यावर पैसे घालू नका. इंटरफेस बदला. बघायच्या गोष्टी दोन: इनपुट नॉइज -१२७ किंवा त्याहून खाली, आणि गेन साठीच्या आसपास किंवा वर. मोटू एम२ चा गेन ६० आहे. स्कार्लेट टूआयटू थर्ड जनचा ५६, फोर्थ जनचा ६९. डायनॅमिक माइक आणि हळू गाणं, म्हणून फोर्थ जन किंवा मोटू, जो बजेटात मिळेल तो. थर्ड जन सेकंडहँड स्वस्त मिळाला तर तोही चालेल, वितीवरून ५६ पुरतात. २४ बिटला रेकॉर्ड करा, शिखरं (सगळ्यात मोठे आवाज) मीटरवर -१२ च्या आसपास राहू द्या, लाल दिव्यापर्यंत भरायचा हट्ट नको.

छप्पनभोगी | शनिवार, दुपारी १२:३१

५६ डेसिबल? इंदूरचाच आहे तो डबा. थर्ड जन घ्या डोळे मिटून.

व्हॉल्व्हवेडा | शनिवार, दुपारी १:१५

मीही म्हणतो इंटरफेस घ्या. (कुणीतरी तारीख लिहून ठेवा.)

तुकडा_रेला | शनिवार, दुपारी २:५०

माझा थर्ड जनचा टूआयटू मी काढतोय, मला आठ इनपुटचा हवाय. निम्म्या किमतीत देतो, खोक्यासकट. पुढच्या आठवड्यात इंदूरला लग्नाला येतोय, घरी येऊन लावून देईन. आत्यांचं गाणं ऐकायला मिळालं तर अजून हजार कमी.

जिरावण | शनिवार, दुपारी ३:०५

ठरलं! उरलेल्या पैशांत बूम स्टँड, अर्थिंग आणि मागच्या भिंतीला दोन जाड गालिचे.

सोल्डरकाका | शनिवार, दुपारी ३:२०

अर्थिंग आधी.

मोगरा | शनिवार, दुपारी ४:००

जिरावण, पण आत्यांना ऐकवलं का हे सगळं? त्यांचं काय म्हणणं?

जिरावण | शनिवार, रात्री ८:४०

आत्ताच ऐकवलं. माझे मोठे हेडफोन घातले तिला, आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं, मग आजचं. डोळे मिटून दोन्ही पूर्ण ऐकली. मी म्हटलं, आत्या, फरक कळला? सरसराट गेला ना?

म्हणाली, "कसला सरसराट? दोन्हींत तानपुऱ्याचा मध्यम उतरलाय. तू शेजारी बसून छेडत होतीस, कळलं नाही तुला? उद्या पहाटे पुन्हा घे."

तुकडा_रेला | शनिवार, रात्री ८:५२

लग्न गेलं खड्ड्यात, मी उद्याच निघतो.